किती मोठं भांडण, फुलमनबाई?

फुलमनबाई,

पहिल्यांदा माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही बार्शीच्या शाळेत, लग्नाच्या आधी. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. त्यात शेंगा फोडून फोडून अंगठ्याची कातडी गेली आहे, टाक नीट धरवत नाही. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या. हे कोणाला दाखवायचं नाही, तुम्हालाही दाखवता येणार नाही, म्हणून तर लिहायचा धीर होतो आहे.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. कुर्डुवाडीला तुमच्या मालकांच्या थडग्याशेजारी तुम्हाला ठेवलं. पाद्रीबाबांनी तुमचं नाव फिलोमेना असं घेतलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. परंड्यात आल्यावर आठ दिवसांत तुमची फुलमनबाई झाली होती, ती शेवटपर्यंत तीच राहिली. माझ्यासोबत शेंगा फोडणारी रहिमाबी माझ्या कानात म्हणाली, "अगे सरू, ये किसकू गाड रहे? आपली नर्सबाई हीच ना?" मी रडता रडता हसले. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

मला आज ते रजिस्टर आठवतं आहे. मारामारीत लागलेल्या माणसांचं. तुम्ही दवाखान्यात रुजू झालात तेव्हा ते उर्दूत होतं. म्हातारे कंपाउंडर चाचा निजामाच्या वेळेपासून ते लिहीत आले होते. कोणाचं डोकं कुऱ्हाडीनं फुटलेलं असो की कोणाला जावेनं ओरबाडलेलं असो, कारणाच्या रकान्यात चाचा एकच शब्द लिहायचे, फसाद. मग वरून हुकूम आला की रजिस्टर इंग्रजीत ठेवा आणि पोलिसांना मराठीत प्रत द्या. इंग्रजी तुम्हाला येत होतं. मराठी बोलता येत होतं, तुमच्या पद्धतीनं, पण लिहिता येत नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. दवाखान्यात विचारायची तुम्हाला लाज, म्हणून संध्याकाळी रजिस्टर पदराखाली झाकून तुम्ही माझ्या ओट्यावर आलात. आपल्या खोल्या एकाच आवारात, मधे फक्त शेवग्याचं झाड.

"आयक गो सरू. दोन जावा, पाण्यावरनं, एकीचे केस उपटले. तुमच्यात किदें म्हणतात?"

"भांडण."

"ते मला ठाऊक आसा. किती मोठं भांडण?"

मला हसू आलं. भांडणाला काय माप असतं का, असं मी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "शब्द हे पण मापच गो. मोठ्या मापात लहान भांडण घातलं तर पोलीस कोणाला तरी उगाच आत टाकतील. लहान मापात मोठं घातलं तर कोणीतरी मरेल."

त्या दिवसापासून माझी वही सुरू झाली. जुन्या रजिस्टराची उरलेली कोरी पानं शिवून त्यावर तुम्ही तीन रकाने आखून दिलेत. पहिल्यात मी लिहायची. कुरबुर, हुज्जत, बाचाबाची, कलागत, हमरीतुमरी, बखेडा, हाणामारी, दंगल. दुसऱ्यात तुम्ही सांगायचात ते इंग्रजी. आर्ग्युमेंट, क्वॉरल, स्कफल, ब्रॉल, अपरोर, रायट. तिसऱ्यात पोर्तुगीज. ते सरकारला नको होतं, ते तुम्हाला हवं होतं. तुमचे वडील म्हापशाच्या कोर्टात कारकून. रात्री जेवायला बसले की मुलांना दिवसभराचे दावे सांगायचे आणि विचारायचे, ही ब्रिगा झाली की झारागाता? ब्रिगा म्हणजे दोघांची. झारागाता म्हणजे दोघांच्या भांडणात गाव शिरलं ती. ग्रितारीया म्हणजे नुसतं ओरडणं. मोतीं म्हणजे बंड, त्याला बंदुका येतात. चुकीचं उत्तर देणाऱ्याला मासळीचा तुकडा लहान. तुम्ही सांगत होता, मी कधीच लहान तुकडा खाल्ला न्हाय. 'न्हाय' तुम्ही आमच्याकडून उचललं होतं.

एका शब्दावरून आपलं जमलं नाही ते नाहीच. आल्गाझारा. तुम्ही तो उच्चारायचात तेव्हा दोन्ही हात वर जायचे. मी पहिल्या रकान्यात गलका लिहिलं. तुम्ही खोडलंत. कल्ला लिहिलं. खोडलंत. "गलका बाजारात पण असतो. आल्गाझारा म्हणजे पुष्कळ गळे, एक राग, आणि कोणी कोणाला हात लावत नाही." मी म्हणाले, असं आमच्यात होतच नाही तर शब्द कुठून आणू? तुम्ही म्हणालात, "होत नाही की तू ऐकलं नाहीस?" ती जागा वहीत अजून कोरी आहे. वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात.

मला सगळे शब्द पाठ झाले आणि त्यातला एकही मी कधी वापरला नव्हता. आमचे हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या मालधक्क्यावर, घरी येणार रविवारी. सहा दिवस माझा आवाज माझ्या घरच्या भांड्यांनाही माहीत नसायचा. भाजीवाल्यानं कमी तोललं तरी मी पिशवी उचलून निघायची. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, आमची सून गरीब गाय आहे. लोकांना ते कौतुक वाटायचं, मलाही. तुम्ही मात्र एकदा माझ्या अंगठ्यासाठी मिठाचं पाणी ढवळता ढवळता म्हणालात, "गप्प राहाते ती चांगली, हे तुला कोणी सांगितलं गो?" मी उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणालात, "बघ, हे पण गप्प."

मग यंदा शेंगांचा हंगाम आला.

नवे किलो आले आणि आडतीवरच्या शेठनं जुनी मापं माळ्यावर टाकली. आम्ही सतरा बायका त्याच्या शेंगा पोत्यानं घरी आणून फोडायचो आणि दाणे नेऊन घालायचो. आधी पायलीवर मजुरी मिळायची. आता शेठ म्हणाला, पायली बंद, किलोचा हिशेब तुम्हाला कळणार नाही, त्यापेक्षा हा रॉकेलचा डबा, बरोबर पाच पायल्यांचा, डब्यावर मजुरी घ्या. मी घरी पायलीनं मोजून निघायची. सहा पायल्या नेल्या की डबा एकच भरायचा. पहिल्यांदा वाटलं आपली चूक. दुसऱ्यांदा वाटलं वाटेत सांडले. तिसऱ्या वेळी डबा जवळून बघितला. तोंडाला वरून चार बोटं पत्र्याची पट्टी कथलाचा डाक लावून चढवलेली होती आणि वर रंग फासला होता.

दोन महिने मी हे कोणाला बोलले नाही. सतरा जणींचं सहावं माप रोज त्याच्या घशात जात होतं आणि हिशेब कळणारी मी एकटी. शेवटी तुम्हाला सांगितलं. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही वही मागितलीत, माझ्या मांडीवर उघडी ठेवलीत आणि विचारलंत, "यातलं किती मोठं हवं तुला?"

मी सगळ्यात वरच्या शब्दावर बोट ठेवलं. कुरबुर.

"बरं. जा. ते करून ये."

मी गेले. मुनीमजी लिहीत होते. मी म्हणाले, डबा जरा मोठा वाटतो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बाई, डबा तेवढाच आहे, तुमची पायली झिजली असंल." मी परत आले. तुम्ही विचारलंत, "आता?" मी बोट एक ओळ खाली नेलं. दुसऱ्या दिवशी शेठशी हुज्जत घातली, म्हणजे तीन वाक्यं बोलले. तो मुनीमजीला म्हणाला, "हिला उद्यापासून पोतं देऊ नका." त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगते बाई, ती भीती नव्हती. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला माझाच राग येत नव्हता.

सकाळी मी रहिमाबीच्या दारात गेले. तिला सगळं सांगितलं. रहिमाबी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगे माय! दोन महिनं तू तोंडात दाणे धरून बसलीस व्हय?" मग ती घराघरात गेली. रहिमाबीला सांगितलं की दवंडीची गरज नसते.

बाजारच्या दिवशी सतरा जणी पायली घेऊन शेठच्या आवारात शिरलो. कोणी शिवी दिली नाही. रहिमाबीनं डबा मधे ठेवला आणि म्हणाली, "सरू, तू माप." मी पहिली पायली ओतली. रास मापताना आपल्याकडं एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी लाभ म्हटलं, ते मलाच ऐकू आलं. पण मागून सोळा गळे म्हणाले, "लाभ!" मग दोन. मग तीन. पाचव्याला आवार हादरलं. बाजारातली माणसं बैल सोडून भिंतीवर चढली. शेठ धावत आला, "ए, गप बसा, काय तमाशा लावलाय!" डबा भरला नव्हता. सहावी पायली मी हात उंच करून ओतली, आणि "सहा" हा शब्द माझ्या घशातून असा निघाला की तो माझा आहे हे मला पटेना. डबा काठोकाठ झाला. शेठनं तो हिसकला. त्याच्याच पट्टीच्या धारेनं त्याचा हात चिरला.

तुम्ही दवाखान्यात होता. मधे दोन गल्ल्या. तरी तुम्हाला ऐकू गेलं.

अर्ध्या तासात शेठ हाताला धोतराचा सोगा गुंडाळून तुमच्यापुढं, बरोबर पोलिसांचे जमादार. हे मला चाचांनी नंतर सांगितलं. जमादार म्हणाले, "लिहा बाई, सतरा बायकांनी जमाव करून हल्ला केला. रायट." पाचाच्या वर माणसं जमली की रायट होतो, असं ते म्हणाले. रायट झाला असता तर सतरा जणी तुरुंगात, आणि रेल्वेत काम करणाऱ्याची बायको तुरुंगात म्हणजे आमच्या ह्यांचीही नोकरी गेली असती. तुम्ही जखम धुतलीत. टाका घातलात. मग लिहिलंत की जखम एक, सरळ, पत्र्याच्या धारेची, जखमेत डाकाचा कण. कारणाच्या रकान्यात लिहिलंत, अपरोर.

"हे काय लिहिलं?"

"पुष्कळ आवाज. मार न्हाय."

"रायट लिहा म्हणतोय ना मी!"

"जमादारसाहेब, तो शब्द लई मोठा. त्यात हे भांडण घातलं तर अर्धा रिकामा राहील."

चाचा सांगत होते की जमादार निघून गेल्यावर तुम्ही चाचांकडं विडी मागितलीत आणि ती पेटवताना तीन काड्या वाया घालवल्यात. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला भीती वाटतच नाही.

शेठच्या तक्रारीवरून तहसीलदारांपुढं चौकशी झाली त्या दिवशी आम्ही सतरा जणी कचेरीच्या कडुलिंबाखाली बसलो होतो, मग मला एकटीला आत बोलावलं. तुम्ही पांढऱ्या कपड्यात, रजिस्टर छातीशी धरून. साहेबांनी तुम्हाला विचारलं, काय ऐकलंत? तुम्ही म्हणालात, "मी फक्त ऐकलं. बघितलं ते हिनं." आणि तुम्ही बाजूला सरलात. टेबलाच्या आणि माझ्यामधे काहीच उरलं नाही. त्या घडीला मी तुमच्यावर इतकी चिडले होते की काय सांगू.

"एका सुरात काय ओरडत होतात?" साहेबांनी विचारलं.

"माप, साहेब."

"म्हणजे?"

मी म्हणाले, डबा आणवा, मी करून दाखवते. शेठचा वकील हसला. साहेबांनी डबा आणवला. कचेरीत फरशीवर बसून मी दाणे ओतले आणि म्हणाले, लाभ.

"ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

मी वर बघितलं. तुम्ही खिडकीशी उभ्या होता. तुम्ही हात वर केले नाहीत, पण मला ते वर गेलेले दिसले. मी "दोन" म्हटलं आणि खिडकीबाहेरून कडुलिंबाखालून उत्तर आलं, "दोन!" शिपाई दार लावायला धावला. साहेब म्हणाले, "राहू दे." तीन. चार. पाच. डबा चार बोटं रिकामा. सहा. मग साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांनी पट्टीच्या डाकावरून बोट फिरवलं. वकील हसायचा थांबला होता. साहेबांनी तुमचं रजिस्टर मागून घेतलं, तुमचाच शब्द आपल्या कागदावर उतरवला, आणि विचारलं, "नर्सबाई, हा एकच पी ना?" रायटची केस मोडली. पट्टी तिथंच उचकटली. दोन महिन्यांचं सहावं माप सतरा जणींना परत द्यायचं ठरलं. एकशे त्रेपन्न रुपये चाळीस नवे पैसे. बाहेर रहिमाबीनं मला उचललं. माझ्या लग्नातही कोणी मला उचललं नव्हतं.

इथवर सगळं छान आहे. आता ते लिहिते जे लिहायला हात मागं येतो.

शेठनं निम्मे पैसे दिले, शहात्तर रुपये सत्तर पैसे, आणि म्हणाला, धंदा बसलाय, एवढ्यावर मिटवा. मी म्हणाले, मिटवू. मला पुरे झालं होतं, जिंकल्याचं नाव झालं होतं. तुम्ही म्हणालात, पुरे घे. मी म्हणाले, तुमचं काय जातं? तुम्ही म्हणालात, "निम्मं घेतलंस तर पट्टी पुन्हा चढेल." मला राग आला. आणि बाई, भांडायला तुम्हीच शिकवलं होतं, तर मी सगळ्यात धारदार तेच उचललं. मी म्हणाले, "तुमची आई गोव्यात वारली, सरकारनं तुम्हाला सरहद्द ओलांडायचा परवाना दिला नाही, तेव्हा तुम्ही कुठं भांडलात? नुसते अर्ज केलेत गोड गोड."

तुम्ही रजिस्टर मिटलंत आणि शेवग्याखालून आपल्या खोलीत गेलात. कोणत्याच रकान्यात त्याला शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या आलात, बैलानं मारलेल्या माणसाचं मराठी विचारलंत. मी सांगितलं. माफी मागायची राहिली. मग ताप आला, मग तुम्हाला कुर्डुवाडीला नेलं, मग नाहीच.

परवा तुमची पेटी आवरली. चाचा आणि मी. चार अर्जांच्या नकला होत्या, गोव्याला आईच्या थडग्यावर जाऊ द्या म्हणून सरकारला केलेल्या, सगळ्या इंग्रजीत, सुंदर अक्षरात. पाचवा कागद वेगळा. घाईचा, खोडलेला, आपल्या भांडणानंतरच्या आठवड्यातला. मला इंग्रजी वाचता येत नाही, तुम्ही शिकवलेले तेवढे शब्द येतात. त्या पानावर एक मला आला. यू, पी, आर, ओ, ए, आर. अपरोर. खाली दोन रेघा मारलेल्या. तुम्ही सरकारला काय करीन म्हणून लिहिलं होतं ते मला कळलं. मी तो कागद चाचांना दाखवला नाही, पोटाशी धरून बसले. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता, तुम्ही ऐकलं होतं. असं मी मानते. चुकत असेन तर तेही तुमच्याकडंच राहील.

तो कागद मी टाकला. टपालात. तुम्ही गेलात हे त्यांना कळेलच, पण कागद त्यांना वाचावा लागेल.

आणि काल बाजार होता. सतरा जणींपैकी कोणाला मी बोलावलं नाही. रहिमाबी लेकीकडं येरमाळ्याला गेली होती. मी एकटी आडतीवर गेले, पदर खोचला, आणि भर बाजारात, शेंगांची पोती उतरत असताना म्हणाले, "शेठ, उरलेले शहात्तर रुपये सत्तर पैसे." त्यानं मान खाली घातली. मी पुन्हा म्हणाले. भाजीवाला वळला. हमाल थांबला. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा एस.टी.तून उतरणारी माणसं पायरीवरच उभी राहिली. शेठ म्हणाला, "आत या बाई, आत बसून बोलू." मी म्हणाले, "न्हाय. इथंच. उभ्यानं."

त्यानं मुनीमजीला खूण केली. मुनीमजींनी पेटी उघडली आणि मुकाट्यानं नोटा लावायला लागले. मी म्हणाले, मोठ्यानं मोजा. त्यांनी मोठ्यानं मोजलं. शेवटचे सत्तर पैसे नव्या नाण्यांत, एक एक. वही माझ्यापुढं सरकवली. अंगठ्यासाठी शाई पुढं केली, ती मी बाजूला सारली, टाक घेतला आणि लिहिलं की सतरा जणींचे पुरे पैसे पोचले, बाकी काही नाही, आणि खाली माझी सही.